तारमास्तरांचा कान

दिवाळीच्या आठवड्यात भारतातल्या तारऑफिसात जायचं, फॉर्मवर पत्ता लिहायचा आणि मजकुराच्या जागी फक्त '१' हा आकडा टाकायचा. पलीकडच्या गावी तार पोचायची तेव्हा तिच्यात दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छांचं पूर्ण इंग्रजी वाक्य असायचं. डाक-तार खात्याने शुभेच्छांच्या नेहमीच्या वाक्यांना क्रमांक देऊन ठेवले होते. '८' म्हणजे नवविवाहितांना दीर्घ आणि सुखी संसाराच्या शुभेच्छा. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांचं बालपण भारतात गेलं त्यांना ही यादी आठवत असेल. इथे जन्मलेल्या वाचकांनी घरातल्या आजी-आजोबांना विचारून पाहावं. "तार आली" हे दोन शब्द ऐकताच घरातल्या बायका पाकीट फोडण्याआधीच डोळ्यांना पदर लावायच्या, हेही ते सांगतील. शुभेच्छांची तार क्वचित यायची. एरवी तार म्हणजे कुणाचं तरी दुखणं, नाहीतर त्याहून वाईट बातमी.

ती बातमी घरच्यांच्या आधी एका माणसाला कळलेली असायची. तो म्हणजे तारयंत्रासमोर बसलेला तारमास्तर. यंत्रातून येणारा कडकट्ट आवाज तुम्हाआम्हाला नुसता खडखडाट वाटला असता. तो मात्र शेजाऱ्याशी दोन शब्द बोलता बोलता त्या खडखडाटातून नावं, तारखा, पत्ते कागदावर उतरवायचा. हे कौशल्य माणसाच्या कानात आणि हातात कसं उतरतं, याचा शोध घेण्याचा पहिला मोठा शास्त्रीय प्रयत्न अमेरिकेत, इंडियाना राज्यात झाला. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. त्यातून हाती आलेली गोष्ट तारेपुरती नाही. आपल्या घरात रोज चाललेल्या एका धडपडीशी तिचा जवळचा संबंध आहे. पण आधी तारेचा इतिहास.

कागद बाजूला सारणारे कान

२४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली, तेव्हा आवाज ऐकून संदेश घ्यायचा ही कल्पना त्यात नव्हती. मोर्स आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांच्या यंत्रात कागदाची पट्टी सरकायची आणि तिच्यावर टिंबं आणि रेघा उमटायच्या. ऑपरेटरने पट्टी डोळ्यांनी वाचायची आणि मजकूर लिहून काढायचा, अशी ती व्यवस्था होती.

पण यंत्राचा दांडा हलताना आवाज व्हायचा. दिवसभर तो आवाज कानावर पडून पडून काही ऑपरेटरांच्या लक्षात आलं, की पट्टीकडे न बघताही मजकूर कळतो आहे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वरिष्ठांना तर ते आवडलंही नाही. पट्टी हा पुरावा होता, कानाचा काय भरवसा? तरीही कानाने घेणारे अधिक वेगाने आणि कमी चुका करत काम करतात हे दिसू लागलं. पट्टीचं यंत्र मागे पडून फक्त आवाज करणारं 'साउंडर' हे साधं उपकरण अमेरिकेतल्या टेबलांवर आलं. त्यात एक विद्युतचुंबक आणि एक दांडा, एवढंच असायचं. दांडा खाली आला की एक आवाज, वर गेला की दुसरा. दोन्हींमधलं अंतर कमी असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ.

कानाने तार घेणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या अमेरिकनांत एक स्थलांतरित मुलगा होता. स्कॉटलंडच्या डनफर्मलिन गावातून १८४८ साली तो आईवडिलांबरोबर पिट्सबर्गच्या परिसरात आला. घरची परिस्थिती बेताची होती, म्हणून १८४९ मध्ये तो तारा घरोघर पोचवणाऱ्या पोऱ्याच्या नोकरीला लागला. सकाळी ऑफिस झाडताना तो यंत्राशी खेळायचा. ऐकता ऐकता शिकला आणि ऑपरेटर झाला. त्याचं नाव अँड्र्यू कार्नेगी. पोलादाचा कारखानदार तो पुढे झाला. या देशात त्याला वर चढायला मिळालेली पहिली पायरी ही कानाची होती. थॉमस एडिसननेही किशोरवयात ऑपरेटर म्हणून अमेरिकेतली अनेक गावं पालथी घातली. त्याला ऐकू कमी यायचं, पण साउंडरचा आवाज मात्र स्पष्ट यायचा. पहिल्या दोन मुलांना तो लाडाने 'डॉट' आणि 'डॅश' म्हणायचा.

भारतात डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते. मुंबई, आग्रा, कलकत्ता आणि मद्रास जोडणारं जाळं १८५५ मध्ये सामान्य लोकांसाठी खुलं झालं. ओशॉनेसी यांनी सुरुवातीला स्वतः बनवलेलं, काट्याच्या हालचालीवर चालणारं यंत्र वापरलं, पण काही वर्षांतच तिथेही मोर्सची पद्धत आली. १८७० मध्ये समुद्राखालून एडनमार्गे मुंबई लंडनशी जोडली गेली. या सगळ्या तारांच्या दोन्ही टोकांना माणसं बसलेली होती. तार विजेच्या वेगाने धावायची खरी, पण संदेशाचा वेग शेवटी माणसाच्या हाताने आणि कानाने ठरायचा.

इंडियानातला आलेख

विल्यम लो ब्रायन हे इंडियाना विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. पुढे १९०२ ते १९३७ अशी पस्तीस वर्षं ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांचा विद्यार्थी नोबल हार्टर शिक्षणाकडे वळण्याआधी स्वतः तारमास्तर होता. या जोडीने १८९७ आणि १८९९ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. दोन्हींच्या शीर्षकात त्यांनी तारेला 'भाषा' म्हटलं आहे, हे ध्यानात ठेवा.

त्यांनी अनुभवी ऑपरेटरांशी बोलून माहिती गोळा केली आणि नवशिक्यांची दर आठवड्याला परीक्षा घेतली. मिनिटाला किती अक्षरं पाठवता येतात आणि किती घेता येतात, हे मोजून त्यांनी आलेख काढले. पाठवण्याचा आलेख अपेक्षेप्रमाणे निघाला. आधी झपाट्याने वर आणि मग हळूहळू सपाट. घेण्याचा आलेख मात्र विचित्र होता. तो थोडा चढायचा आणि मग आठवड्यामागून आठवडे जागच्या जागी राहायचा. विद्यार्थी रोज बसतो आहे, घाम गाळतो आहे आणि आकडा हलत नाही. ही पठारावस्था नेमकी नोकरीला लागणाऱ्या वेगाच्या थोडी खाली यायची. बरेच जण तिथेच कंटाळून सोडून द्यायचे. जे टिकायचे त्यांचा आलेख एक दिवस पुन्हा उसळी मारून वर जायचा.

त्या सपाट आठवड्यांत नक्की काय चाललं होतं? हे शोधायला दुसऱ्या निबंधात त्यांनी एक हुशार तपासणी केली. शिकणाऱ्याला तीन प्रकारचा मजकूर दिला. सुटी अक्षरं, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द आणि सलग अर्थपूर्ण वाक्यं. तिन्हींचे आलेख वेगवेगळे निघाले. अक्षरांचा आणि सुट्या शब्दांचा वेग वाढून स्थिरावला, तरी सलग मजकुराचा वेग पुढे वाढत राहिला. त्यावरून त्यांनी मांडलेलं म्हणणं असं, की हे कौशल्य मजल्यांनी बांधलं जातं. आधी कान टिंब-रेघांऐवजी अख्खं अक्षर ऐकू लागतो. मग अक्षरांऐवजी अख्खा शब्द ऐकू येतो. शेवटी शब्दांचे गट आणि वाक्यांची वळणं. खालचा मजला विचार न करता आपोआप चालू लागेपर्यंत वरच्या मजल्याकडे द्यायला लक्षच शिल्लक नसतं. पठारावर बाहेरून काही हलताना दिसत नाही, कारण काम खाली, पायात चाललेलं असतं.

अनुभवी तारमास्तर तर सहा ते बारा शब्द मागे राहून लिहिणं पसंत करायचे. यंत्र पुढचं वाक्य बोलतं आहे आणि हात मागचं लिहितो आहे. मागे राहिलं की पुढचा अर्थ आधी कळतो आणि चुका कमी होतात. मात्र आकडे किंवा अर्थहीन सांकेतिक शब्द आले की त्याच माणसाला यंत्राच्या अगदी पाठोपाठ राहावं लागायचं. अर्थाचा आधार गेला, की वरचा मजला कोसळून तो पुन्हा अक्षरांवर यायचा.

आपल्या मराठीत हे सारं आधीपासूनच सांगून ठेवलेलं आहे. पोळ्या लाटताना 'हात बसतो', गाण्यात 'कान तयार होतो', घरातली कामं 'अंगवळणी पडतात', पाढे 'तोंडपाठ' होतात. चौदा सत्ते किती हे आठवायला लागलं, तर अजून तो पाढा आपला झालेला नाही. ब्रायन आणि हार्टर यांनी हात बसण्याच्या आधीचा तो अवघड काळ मोजून कागदावर दाखवला.

मोजणारा मागे पडतो

पुढच्या संशोधकांनी या आलेखांवर शंकाही घेतल्या. प्रत्येक शिकणाऱ्याला पठार लागतंच असं नाही, असं त्यांना दिसलं. कोलंबिया विद्यापीठातले फ्रेड केलर यांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स शिकवण्याची पद्धत बसवली होती. त्यांनी १९५८ मध्ये या पठाराला 'भासमान' ठरवलं. मग खरं कोणतं? शिकवण्याची रीत कशी आहे यावर बरंच अवलंबून असतं, असं आज दिसतं.

थोडं गणित करू. रेडिओवरच्या मोर्समध्ये मिनिटाला वीस शब्द हा काही फार मोठा वेग नव्हे. त्या वेगाला एक टिंब सेकंदाच्या शंभर भागांपैकी सहा भाग एवढंच टिकतं. टिंब आणि रेघ मिळून होणारं 'ए' हे अक्षर पाव सेकंदाच्या जरा पुढे संपतं. 'क्यू' हे लांबलचक अक्षरसुद्धा एका सेकंदाच्या आत संपतं. एवढ्यात टिंबं मोजायची, मनातल्या तक्त्यात शोधायचं आणि अक्षर लिहायचं, हे होणारच नाही. जो हळू वेगाने मोजत मोजत शिकला, त्याला मिनिटाला दहाएक शब्दांपाशी भिंत लागते. त्याची मोजण्याची सवय पक्की झालेली असते आणि पुढे जायचं तर तीच मोडावी लागते.

१९३० च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर उलटा उपाय काढला. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने ऐकवायचं, पण फक्त दोन अक्षरं. ती बिनचूक ओळखता आली की तिसरं. म्हणजे 'क्यू' हे अक्षर 'रेघ-रेघ-टिंब-रेघ' असं कधी भेटतच नाही. ते 'दादाडिदा' अशा एका लकेरीसारखं कानावर पडतं. बंदिश शिकवताना गुरुजी सूर सुटे मोजून देत नाहीत, अख्खी जागा गाऊन दाखवतात, तसंच हे. हौशी रेडिओवाले आजही या पद्धतीने मोर्स शिकतात.

सराव म्हणजे केवळ तेच ते करणं नव्हे, हे या इतिहासातून कळतं. ज्या रूपात सराव होतो ते रूप हातात कायमचं बसतं. चुकीचं बसलं तरी तेवढंच घट्ट बसतं.

हात ओळखीचा होतो, हात आखडतोही

पाठवणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. यंत्र सगळ्यांचं सारखं, संकेत सारखे, तरी प्रत्येकाची बटण दाबण्याची ढब वेगळी. कुणाच्या रेघा किंचित लांब, कुणी दोन अक्षरांमध्ये रेंगाळणारा. अक्षरावरून पत्र कुणाचं ते जसं कळतं, तसं शेकडो मैलांवरचा सहकारी ठोक्यांवरून ओळखू यायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या टेहळणी केंद्रांवर शत्रूचे रेडिओ संदेश टिपणाऱ्या स्त्री-पुरुषांनी याचा पुरेपूर उपयोग केला. संदेशातला मजकूर उलगडला नाही, तरी पाठवणारा कोण हे त्याच्या हातावरून कळे आणि तोच हात दुसऱ्या ठिकाणाहून ऐकू आला, की ती तुकडी हलली हे समजे.

या आपोआपपणाची किंमतही होती. दिवसाला हजारो वेळा मनगट त्याच लयीत हलवून अनेकांचा हात आखडायचा. मेंदू सांगायचा, हात ऐकायचा नाही. अमेरिकेत ऑपरेटर त्याला 'काचेचा हात' म्हणत. ब्रिटनमध्ये १९०८ साली हा विकार कामगारांच्या नुकसानभरपाईच्या यादीत घातला गेला. न्यूयॉर्कच्या होरेस मार्टिन यांनी त्याच सुमारास आडव्या हालचालीवर चालणारी आणि टिंबं आपोआप उमटवणारी किल्ली बाजारात आणली, ती अशाच दुखऱ्या हातांसाठी उपयोगी पडली. आज संगणकावर दहा-दहा तास बसणाऱ्या आपल्या मंडळींनी मनगटाला पट्टे बांधलेले दिसतात. त्या दुखण्याचे हे पूर्वज.

यंत्र गेलं, हात राहिला

टेलिप्रिंटर आला, टेलिफोन घरोघर गेला, मग संगणक आणि मोबाइल. १ फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या जहाजांवर मोर्सची सक्ती संपली. त्याच वर्षी १२ जुलैला अमेरिकेतला शेवटचा व्यापारी मोर्स संदेश कॅलिफोर्नियातून गेला आणि त्याची सांगता मोर्स यांनी १८४४ मध्ये पाठवलेल्या त्याच वाक्याने झाली. भारतातली तार १४ जुलै २०१३ या दिवसापर्यंत चालली. त्या शेवटच्या दिवशी तारऑफिसांसमोर रांगा लागल्या. त्यात आयुष्यात कधी तार न पाहिलेली तरुण मुलंही होती.

पण हातांचं काय झालं? कॅलिफोर्नियातले आपले वाचक पॉइंट रेयीसचा दीपस्तंभ पाहायला जातात. त्याच भागात जहाजांशी बोलणारं एक जुनं रेडिओ केंद्र जतन करून ठेवलं आहे. तिथे दरवर्षी १२ जुलैच्या संध्याकाळी ते केंद्र पुन्हा सुरू होतं. पूर्वीचे ऑपरेटर आणि स्वयंसेवक किल्लीवर बसतात आणि जगभरचे हौशी लोक त्यांना ऐकतात. पोटापाण्यासाठी शिकलेलं काम संपून कैक वर्षं झाली, तरी हात विसरलेला नसतो.

हात किती काळ लक्षात ठेवतो याचा एक सुंदर पुरावा टंकलेखनाचा आहे. एल. बी. हिल या अमेरिकन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाइपरायटर शिकताना रोजच्या प्रगतीची नोंद ठेवली. मग ते यंत्र सोडून दिलं आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा बसून पाहिलं. त्यानंतर आणखी पंचवीस वर्षांनी, वयाच्या ऐंशीच्या घरात, तिसऱ्यांदा बसले. त्यांचे अहवाल १९३४ आणि १९५७ मध्ये छापून आले. बोटं गंजली होती, पण कोरी झालेली नव्हती. पहिल्या वेळी जे कमवायला दिवसामागून दिवस लागले, ते थोड्याच सरावात परत आलं.

रविवारच्या वर्गातलं पठार

आता तुमच्या घरात या. आपल्या मराठी शाळेच्या वर्गात रविवारी सकाळी एक मुलगी पुस्तक वाचते आहे. 'ब... ब ला काना बा... ग... बाग.' शब्द संपेपर्यंत वाक्याची सुरुवात ती विसरून जाते. घरी आई-बाबा म्हणतात, "तीन वर्षं झाली, अजून अडखळतेच. फुटबॉलचा सराव बुडतो, सोडून देऊ या का?" इंडियानातल्या आलेखाकडे बघा. ती मुलगी नेमकी त्या सपाट भागात उभी आहे. अक्षरं येतात, शब्द अजून एका नजरेत येत नाहीत. याच ठिकाणी शेकडो नवशिक्यांनी तारऑफिसाचा रस्ता सोडला होता.

मोठ्यांनाही हा अनुभव नवा नाही. या देशात पहिल्यांदा उतरलात तेव्हा इंग्रजी तुम्हाला येत होतं, परीक्षा दिल्या होत्या. तरी दुकानदार भरभर बोलला की प्रत्येक शब्द ओळखीचा आणि वाक्य मात्र निसटलेलं. काही महिने असे गेले. मग एक दिवस फोनवर कुणाशी तरी बोलून झाल्यावर लक्षात आलं, की आपण शब्द जुळवत बसलोच नव्हतो.

तारमास्तरांच्या इतिहासातून आपल्या मुलांसाठी तीन साध्या गोष्टी घेता येतील. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं चांगली, कारण खालचा मजला रोजच्या वापरानेच आपोआप होतो. सुट्या शब्दांच्या याद्यांपेक्षा अर्थ असलेलं वाचन द्यावं. गोष्ट, विनोद, आजीचं व्हॉट्सअॅपवरचं पत्र काहीही चालेल, कारण कानाला आणि डोळ्याला पुढच्या शब्दाचा अंदाज अर्थातून येतो. आणि मुलांशी मराठी बोलताना ती तोडून तोडून, सावकाश बोलू नये. घरात दोन मोठी माणसं बोलतात त्या वेगाची मराठी त्यांच्या कानावर पडू द्यावी. समजलं नाही तर पुन्हा सांगावं, पण लय तीच ठेवावी.

आणि ज्यांनी कॉलेजला गेल्यावर मराठी सोडली, त्या तरुण वाचकांना एवढंच सांगायचं आहे. हा लेख वाचताना तुम्ही अडखळला असाल, तरी इथपर्यंत पोचलात. लहानपणी जे कानावर पडलं ते गेलेलं नाही, गंजलेलं आहे. यंदा दिवाळीच्या दिवशी भारतात फोन लावाल तेव्हा पहिली पाच मिनिटं इंग्रजीचा आधार घेऊ नका. जीभ थोडी अडेल. आजी थांबेल, तिला घाई नाही.